चल, मी येते

जुलैच्या शेवटी शेवटी आमच्या डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर एक मुलगी बसलेली दिसली. मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, फाईलवर दोन्ही हात घट्ट. मी सकाळी दहाला आत गेले तेव्हा ती तिथं होती, साडेबाराला चहाला बाहेर आले तेव्हाही तिथंच, आणि तीन वाजता लायब्ररीतून परत आले तरी ती उठलेली नव्हती, फक्त पावसाची झड आत यायला लागली म्हणून दोन पायऱ्या वर सरकली होती. मग मात्र राहवलं नाही. म्हटलं, कुठली गं तू? हिंगोलीची. काय काम होतं? मायग्रेशन लागंल म्हणाले. मग? मग काय नाही ताई, बसले. पुढं काय करायचं ते विचारलंस का कुणाला? तिनं नुसती मान हलवली.

मायग्रेशनचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंगोली, परभणी, लातूर, नांदेड हे चार जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. तिथून बीए करून पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएला आलं की विद्यापीठ बदलतं, आणि विद्यापीठ बदललं की आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं, ही दोन वेगळी कागदं आहेत हे घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या पोरीला कोण सांगणार? तिच्याकडं टीसी होती, तिला वाटलं झालं. आणि आत कुणीतरी "मायग्रेशन लागेल" एवढंच बोललं तेव्हा तिला ते "तुझं ॲडमिशन होत नाही" असं ऐकू आलं. म्हणजे ती पाच तास त्या पायऱ्यांवर बसून घरी काय सांगायचं याचा विचार करत होती. आदल्या रात्री गाडीत बसवायला सगळं घर आलं होतं म्हणे.

मी तिला म्हटलं, चल, मी येते. आत गेलो, विचारलं, तात्पुरतं हमीपत्र लिहून दिलं, मायग्रेशन आणून द्यायची तारीख घेतली, अर्ज कसा करायचा ते मोबाईलवर बघून घेतलं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. बाहेर आलो तर तिला रडूच फुटलं आणि मलापण कसंतरी झालं, कारण दहा वर्षांपूर्वी मीपण अशीच फाईल धरून उभी होते.

मी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. 2015 साली आले. नांदेडहून पनवेलला जाणारी रात्रीची गाडी आहे ना, आमच्याकडं तिला नुसतं पनवेल गाडी म्हणतात, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, दौंड करत पहाटे पुण्याला टेकते, त्या गाडीनं मी आणि अण्णा आलो. अण्णांनी धोतर नेसायचं की पँट घालायची यावर घरी दोन दिवस चर्चा झाली होती, शेवटी ते धोतरातच आले. स्टेशनवरून बसनं विद्यापीठाच्या गेटवर उतरलो, आणि आत जाऊन जे चालायला लागलो ते संपेचना. 411 एकरांचं आवार आहे, आमच्या अख्ख्या गावाचं शिवार आठवलं मला. वडाची ती जुनी झाडं, त्यांच्या पारंब्या, मधे ती मेन बिल्डिंग, इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता तो आधी, तिचा मनोरा बघत अण्णा कितीतरी वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, बाय, इथं तू शिकणार. त्यांच्या आवाजात जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. अभिमान होता, आणि पोरगी आता आपल्या हातातून दूर चालली असंही काहीतरी होतं.

दुपारी अण्णा गेले. रात्रीची गाडी होती तरी दुपारीच गेले, म्हणाले स्टेशनवर बसतो, तुला उगा ओढाताण नको. ते गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की मला इथं एकही माणूस ओळखत नाही. आमच्याकडं बाजारात गेलं तरी चार जण विचारतात, कुणाची गं तू? आणि इथं हजारो लोक, पण कुणाची तू हे विचारणारं एक तोंड नाही. हे वाचायला साधं वाटेल, पण ज्याच्यावर आलंय त्याला विचारा.

तेव्हा मला भेटली एक सीनियर, सोलापूरकडची. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती एमएच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसबाहेर यादीत नाव शोधत होते आणि ते नव्हतं. तिनं मागून विचारलं, नाही लागला का नंबर? दुसरी यादी लागते, घाबरू नको, तोवर राहायचं कुठं ठरलंय? मी म्हटलं कुठंच नाही. ती म्हणाली, चल, मी येते. आणि खरंच आली. खडकीच्या बाजूला एका काकूंकडं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, जागा बघून दिली, डिपॉझिट घासाघीस करून कमी केलं, मेस दाखवली, मेसचे खाडे कसे मांडून घ्यायचे ते शिकवलं, जयकर ग्रंथालयात नेऊन कार्ड काढून दिलं. तिनं काही फार मोठं केलं असं तिला आजही वाटत नाही, मी बोलून दाखवलं तर विषय बदलते. पण माझं पुढचं सगळं, नेट, पीएचडी, हे आत्ता लिहिणं, त्या एका वाक्यावर उभं आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आता मी दरवर्षी जूनच्या शेवटापासून फोन उचलते. गावाकडच्या कॉलेजातले सर लोक माझा नंबर देतात, "ताई, मी अमुक गावचा, सरांनी नंबर दिला" असे मेसेज सुरू होतात, ते पार दिवाळीपर्यंत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. या पोरांना काय करायचं ते सांगून भागत नाही. सांगितलेलं सगळं वेबसाईटवर असतंच, नोटीस बोर्डावर असतं, ओरिएंटेशनच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावरपण दाखवतात. ते पोरगं मान डोलावतं आणि बाहेर येऊन तिथंच उभं राहतं. कारण विचारायला जाणं म्हणजे आपल्याला काही येत नाही हे चारचौघांत कबूल करणं, असं त्याला वाटतं. गावात तो हुशार म्हणून ओळखला जातो, वर्गात पहिला आलेला असतो, शाळेत त्याचा सत्कार झालेला असतो. त्याला इथं येऊन पहिल्याच आठवड्यात "क्रेडिट म्हणजे काय हो?" असं विचारायचं असतं, आणि जीभ रेटत नाही. अशा वेळी कुणीतरी सोबत चालत गेलं, खिडकीपाशी त्याच्या शेजारी उभं राहिलं, आणि पहिला प्रश्न आपण विचारला, की दुसरा तो स्वतः विचारतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

क्रेडिटचंच बघा, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन. नवीन शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांचं एमए 88 क्रेडिटचं झालंय, सेमिस्टरला 22. पहिल्याच सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग नाहीतर फील्ड प्रोजेक्ट, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. बीएला ज्यानं परीक्षेच्या आधी महिनाभर गाईड वाचून फर्स्ट क्लास काढला त्याला वाटतं इथंही तसंच असणार. कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटात निम्मे मार्क इंटर्नलचे असतात आणि ते वर्गात, दर आठवड्याला, थोडे थोडे जमा होतात. असाइनमेंट, प्रेझेंटेशन, टेस्ट. ऑगस्टमधे कुणी हे जीव तोडून सांगितलं नाही तर पोरगं ऑक्टोबरमधे जागं होतं, तोवर निम्मा खेळ झालेला असतो. म्हणून मी पहिल्या भेटीतच वहीच्या मागच्या पानावर हे लिहून देते. इंटर्नल चुकवायची नाही, ताप असला तरी आधी सरांना मेसेज करायचा, मग झोपायचं.

आणि ती प्रेझेंटेशनं. मागच्या वर्षी आमच्याकडं परभणी जिल्ह्यातला एक मुलगा होता, वाचलेलं त्याला इतकं नीट कळायचं की मला हेवा वाटायचा. पहिल्या प्रेझेंटेशनला उभा राहिला आणि बोलताना "मी त्याच्यावर आता बोलायलो" असं म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नाही, नुसतं फिस्स. त्यानं पुढचे दहा मिनिटं कागदावरचं इंग्रजी मान खाली घालून वाचून काढलं आणि बसला. त्यानंतर दीड महिना त्यानं वर्गात तोंड उघडलं नाही. आता "बोलायलो" मधे चुकीचं काय आहे? आमच्याकडं आज्या तसंच बोलतात, आया तसंच बोलतात, मी स्वतः घरी फोनवर "जेवायले गं माय" असंच म्हणते. बोली ही काय पायाला लागलेली माती नाही, दारात झटकून आत यायला. मी त्याला कँटीनला नेलं, चहा सांगितला आणि त्याच्याशी मुद्दाम आपल्या बोलीतच बोलले, आजूबाजूला लोक होते तरी. आधी तो इकडंतिकडं बघत होता. मग हळूहळू मोकळा झाला. तासाभरानं त्यानं जातपंचायतीवर जो काही मुद्दा मांडला तो त्यानं वर्गात मांडला असता तर सर थक्क झाले असते. मी म्हटलं, हेच, अस्संच, सोमवारी वर्गात बोल. सोमवारी नाही बोलला, पण त्याच्या पुढच्या सोमवारी बोलला. मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते.

वाचायचं सगळं इंग्रजीत, हा दुसरा डोंगर. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात चाळीस पानांचं झेरॉक्स हातात मिळतं, आणि तो पहिल्या पानावरचे प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघत बघत रात्री दोनला तिसऱ्या पानावर पोचतो आणि मग त्याला वाटतं आपण इथले नाहीच. याच आवारातल्या स्त्री अभ्यास केंद्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे शिकवायच्या, 2013 साली वारल्या, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण पहिल्या पिढीतल्या, मराठीतून आलेल्या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला, आणि त्या स्त्री अभ्यास केंद्रात शिकलेली माणसं अजूनही त्यांच्याबद्दल बोलताना थांबत थांबत बोलतात. मला त्यातून एवढंच कळलं की पोराला इंग्रजी येत नाही ही पोराची कमतरता म्हणून मोजायची नाही. आम्ही आता चार-पाच जण मिळून दर गुरुवारी संध्याकाळी बसतो, एक रीडिंग घेतो, एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचतो आणि मराठीत बोलतो, भांडतो. आधी पूर्ण मजकुराचा अंदाज, मग शब्द. डिक्शनरी शेवटी. तीन महिन्यांत फरक पडतो, आणि तो फरक चेहऱ्यावर दिसतो.

आता पैशांचं सांगते, कारण यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही आणि सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात. पुण्यात राहायला, खायला पैसे लागतात आणि गावाकडून ते येतात म्हणजे कुठून येतात हे पोरांना नीट माहीत असतं, म्हणून ती मागत नाहीत, एक वेळ जेवतात. सरकारच्या योजना आहेत, खऱ्या आहेत, त्या घ्यायला लाजायचं काही कारण नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार, त्यातले 32 हजार जेवणाचे, 20 हजार राहण्याचे, 8 हजार वरच्या खर्चाचे. आदिवासी मुलांना स्वयंम योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. आणि विद्यापीठात कमवा आणि शिका आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं, रोज ठरावीक तास काम करायचं आणि तासाप्रमाणे मानधन. बागेत काम असतं, लायब्ररीत असतं, ऑफिसात असतं. मी दोन वर्षं केलं. पुस्तकांची धूळ झटकता झटकता मला जेवढी पुस्तकं दिसली तेवढी कुठल्याच यादीत दिसली नसती.

पण अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले असं नसतं, आणि हे एका मुलाच्या बाबतीत मी अगदी जवळून पाहिलं. पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, त्याच्या खात्यात रुपया नव्हता. तो महिनाभर ज्या खात्याचं पासबुक फाईलीत होतं तेच घेऊन बँकेत जात होता, बँकवाले म्हणायचे आमच्याकडं काही आलेलं नाही, आणि ते खरंच बोलत होते. त्याला वाटायला लागलं मधल्या मधे कुणी खाल्ले. मी त्याच्यासोबत बसले, आधारच्या वेबसाईटवर त्याचा नंबर टाकला, तर ओटीपी येईना. आधारला जोडलेला मोबाईल नंबर त्याच्या थोरल्या भावाचा, भाऊ चाकणला कंपनीत, शिफ्टमधे, फोन लॉकरमधे. संध्याकाळी सातला भाऊ सुटला, ओटीपी सांगितला, आणि मग दिसलं की त्याचं आधार भलत्याच बँकेला जोडलेलं आहे. सरकारचे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिकडं जातात, हे त्याला माहीत नव्हतं, खरं म्हणजे मलाही त्याच्या आदल्या वर्षीच कळलं होतं. ते खातं गावात कॅम्प लागला होता तेव्हा उघडलेलं, पासबुक आईनं ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलेलं. आईला फोन लावला. आई म्हणाली, हाय की पुस्तक, पर त्यात तर काय नसतंय. दुसऱ्या दिवशी चुलत्यासोबत ती तालुक्याला गेली, नोंद मारून घेतली, पैसे तिथंच होते. तेवढे पैसे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले असं ती माउली फोनवर म्हणाली आणि पोरगं फोन कानाला लावून गप्प उभं राहिलं. त्या महिनाभरात ते पोरगं संध्याकाळी वडापाव खाऊन झोपत होतं, हे मला नंतर त्याच्या रूममेटनं सांगितलं.

राहायच्या जागेचं काय सांगू. विद्यापीठाच्या हॉस्टेलात सगळ्यांना पुरतील एवढ्या जागा नसतात, मेरिटप्रमाणे यादी लागते, मग बाहेर शोधायचं. खडकी, औंध, सांगवी, पाषाण. एका मुलीसोबत मी एका ठिकाणी खोली बघायला गेले, सगळं ठरत आलं होतं, भाडं, डिपॉझिट, रात्री साडेनऊची वेळ, आणि मग त्या बाईंनी विचारलं, आडनाव काय म्हणालीस? तिनं सांगितलं. त्या बाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अहो, भाच्यानं आधीच कुणाला तरी शब्द दिलाय, मला माहीतच नव्हतं. जिना उतरताना आम्ही दोघीही काही बोललो नाही. खाली आल्यावर ती म्हणाली, ताई, तुम्ही होता म्हणून त्या चांगलं तरी बोलल्या. यावर मी काय बोलणार होते! त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दुसरी खोली मिळवली, तिथल्या आजींनी आडनाव विचारलं नाही, जेवलात का ते विचारलं.

शाहू महाराजांना हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. नुसती शाळा काढून खेड्यातलं पोरगं शिकत नाही, त्याला शहरात डोकं टेकायला जागा आणि ताटात भाकरी लागते, म्हणून 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळं. भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पुण्यात 1955 साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, खेड्यातून आलेल्या गरीब मुलांना कमी पैशांत राहता-जेवता यावं म्हणून, ती आजही चालू आहे आणि मी कित्येक पोरांना तिथला फॉर्म भरायला लावलाय. या माणसांची नावं आपण जयंतीला घेतो. मला मात्र लक्ष्मीबाई आठवतात त्या मेसमधे, एखादं पोरगं "भूक नाही" म्हणत ताट बाजूला सारतं तेव्हा.

लोकांना वाटतं पहिला आठवडा अवघड असतो. असतोच, पण पहिल्या आठवड्यात सगळे जण सांभाळून घेतात. माझ्या अनुभवात खरी भीती दिवाळीची असते. पोरं दिवाळीला घरी जातात. तीन-साडेतीन महिने इथं दात-ओठ खाऊन काढलेले असतात, घरी आईच्या हातचं गरम खातात, गोठ्यात गाय ओळखून हंबरते, मित्र कुठं कुठं कामाला लागलेले असतात, आणि परत यायची गाडी सुटते ती सुटतेच.

2022 साली बीडकडचा एक मुलगा होता. सप्टेंबरमधे मला भेटला, म्हणाला, ताई, एक बोलायचं होतं. मी त्या दिवशी माझ्याच चॅप्टरच्या गडबडीत होते, गाईडनं तारीख दिली होती. मी म्हटलं, नंबर घे माझा, कधीही फोन कर. त्यानं नंबर घेतला. फोन केला नाही. दिवाळीला गेला आणि आला नाही. नोव्हेंबरमधे मी त्याच्या वर्गातल्या मुलाकडून नंबर घेऊन फोन लावला. त्याचे आई-वडील ऊसतोडीला गेले होते, दरवर्षीसारखे. आधी घरी आजी होती, ती धाकट्या दोघांना बघायची, ती गणपतीत अंथरुणाला खिळली. मग घरी कुणीतरी हवं होतं. तो म्हणाला, ताई, तुम्हाला हेच सांगायचं होतं, पण तुम्ही कामात होता. आवाजात जरासुद्धा राग नव्हता. त्यानं राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

मला माहीत आहे की मी त्या दिवशी ऐकून घेतलं असतं तरी आजी बरी झाली नसती. पण धाकट्या दोघांसाठी काही बघता आलं असतं, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, सरांशी बोलून हजेरीचं, इंटर्नलचं काही करता आलं असतं. कदाचित काहीच जमलं नसतं. पण त्याला एकट्याला ते ठरवावं लागलं, एकवीस वर्षांच्या पोराला, आणि मी त्याला दहा आकडे देऊन पाठवलं होतं. आता तो केजला एका मेडिकल दुकानात काम करतो. आम्ही बोलतो अधूनमधून. बाहेरून परीक्षा दे म्हणून मी मागं लागलेय, तो हो म्हणतो.

तेव्हापासून कुणी "बोलायचं होतं" म्हणालं की मी नंबर देत नाही, उठते. चहा प्यायला चल म्हणते, एलिस गार्डनकडून एक चक्कर मारू म्हणते. चालताना माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळं बोलणं लवकर सुटतं, हे मला या पोरांनीच शिकवलं. आणि दिवाळीच्या आधी मी प्रत्येकाचं परतीचं रिझर्वेशन झालंय का ते बघते. काही जण चिडतात, ताई, येणार आहे म्हटलं ना. चिडू देत. ज्याचं परतीचं तिकीट काढलेलं नसतं त्याच्याशी मी जरा जास्त बोलते.

माझा थिसिस आता शेवटाला आलाय. पुढच्या वर्षी या वेळी मी इथं नसेन बहुतेक. हे कुणाला तरी सोपवायला हवं असं म्हणत होते, तर परवा त्या हिंगोलीच्या मुलीचा मेसेज आला, ताई, जालन्याची एक जण आलीये, तिचं कास्ट व्हॅलिडिटीचं अडकलंय, मी तिच्यासोबत चाललेय, तिथं आधी कोणत्या खिडकीवर जायचं? मी खिडकी सांगितली.

आणि आज सकाळी अजून एक मेसेज आलाय, सेलूचा मुलगा आहे, गुरुवारच्या गाडीनं निघतोय, काय काय आणू विचारतोय. त्याला जे पाठवलं तेच इथं लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. सगळी ओरिजिनल कागदं एका फाईलीत, ती फाईल गाडीत उशाखाली घे, बॅगेत नको. झेरॉक्सचे तीन सेट. पासपोर्ट साईझचे फोटो वीस तरी. उत्पन्नाचा दाखला या वर्षीचाच हवा, मागचा चालत नाही, नसला तर तहसीलला जाऊन मगच निघ, एक दिवस उशीर चालेल. मायग्रेशनचा अर्ज आजच कर. आधारला कुणाचा मोबाईल नंबर आहे ते बघ, कुठली बँक जोडलीये तेपण बघ. कुलूप, मच्छरदाणी, कपडे वाळत घालायला दोरी, छत्री, एक जाड चादर, इथं पावसात थंडी वाजते. आईनं भाकरी-ठेचा बांधून दिला तर नाही म्हणू नको, दोन दिवस टिकतो. गाडी पहाटे लागते, स्टेशनच्या बाहेर येऊन थांब, रिक्षा करू नको, मी येते.